तेवीस क्रूस आणि एक वसईकर

'जपानचे हुतात्मे' हे झाक कालोचं एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, वहीच्या पानापेक्षाही लहान आहे. खालच्या फ्रेंच मजकुरात नागासाकीचं 'मोंगासाची' झालंय. लोरेनच्या या चित्रकाराने जपान पाहिलेला नव्हता. तरी 5 फेब्रुवारी 1597 चा तो दिवस त्याने असा मांडलाय, की डोळा हलत नाही.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने त्या दिवशी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती क्रूसावर गेले. तिघे जेसुइट सोडून कालोने फ्रान्सिस्कन पंथाचे तेवीसच घेतले. त्यांत संत गोन्सालो गार्सिया आहेत. जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जपानी उत्तम येत असल्याने हिदेयोशीच्या दरबारात तेच दुभाषी होते.

जोतिबाच्या चैत्री यात्रेतल्या सासनकाठ्या ज्याने पाहिल्यात, त्याची नजर या चित्रात लवकर सरावते. आधी उभ्या रेघांचं रान दिसतं, मग एकेक माणूस. जोतिबाच्या डोंगरावर माणूस काठी नाचवतो. इथे लाकडाने माणूस जखडलाय आणि खालून भाले रोखलेत.

कालोची खरी करामत तांब्याच्या पत्र्यावरची. ल्यूट हे तंतुवाद्य बनवणारे वापरत तसलं कडक रोगण तो पत्र्यावर लावी. तिरक्या टोकाच्या 'एशॉप'ने कोरताना हत्यार जरा फिरवलं की रेघ फुगते, परत फिरवलं की निमुळती होते. दूरचा भाग रोगणाने झाकून पत्रा पुन्हा आम्लात सोडला, की जवळच्या रेघा खोल खाल्ल्या जातात, दूरच्या फिकट राहतात. माणूस किती लांब, हे इथे आम्ल ठरवतं.

स्पॅनिश चित्रकार रिबेराने 1624 च्या एचिंगमध्ये संत बार्थोलोम्यूची सोलली जाणारी कातडी थेट डोळ्यांपुढे आणली. मला कालोचं हे अंतर जास्त भिडतं. म्होरके पेद्रो बाप्टिस्टा, दुभाषी गोन्सालो, बारा वर्षांचा लुई इबाराकी, कोणाचाच चेहरा त्याने मोठा केलेला नाही. जखम एकाची राहत नाही, ती सगळ्या टेकडीची होते.

1627 मध्ये पोपने या हुतात्म्यांना धन्य घोषित केलं, हे चित्र त्याच सुमाराचं. संतपद 1862 मध्ये मिळालं. वसईजवळच्या गासच्या चर्चला गोन्सालोंचं नाव आहे. तिथल्या मुलांच्या हाती भिंग देऊन हे चित्र दाखवावं असं मला फार वाटतं. आपले गोन्सालो कोणते यावरून ती भांडतील, आणि भांडता भांडता तेविसांपैकी प्रत्येकापाशी थांबतील.