सीटाइप्समधील एका गृहीतकाची चिकित्सा

पायथॉन या स्क्रिप्टिंग भाषेतून सी भाषेतील शेअर्ड लायब्ररीची फंक्शने थेट वापरता यावीत, या हेतूने थॉमस हेलर यांनी 'सीटाइप्स' हे मोड्यूल निर्माण केले. 2006 मध्ये पायथॉन 2.5 च्या प्रमाणित संचात त्याचा समावेश झाला. कंपायलरचा आधार न घेता तीन-चार ओळींत सीचे फंक्शन चालविता येते, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय.

तथापि संकलित लायब्ररीत फंक्शनचे नाव व पत्ता असतो. ते कोणत्या प्रकारचे मूल्य परत करते, याची नोंद सामान्यतः नसते. ती हेडर फाइलमध्ये असते आणि सीटाइप्स हेडर वाचत नाही. या अज्ञानाला ते दोन न्याय लावते. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनला 2.0 ही दशांश संख्या प्रकार न सांगता दिल्यास ते स्पष्ट नकार देते. परत येणारे मूल्य मात्र, काही सांगितले नसेल तर, निमूटपणे 'इंट' मानले जाते. परिणामी वर्गमूळाऐवजी एखादा निरर्थक पूर्णांक हाती येतो.

हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. स्मृती मागणाऱ्या 'मॅलॉक'च्या बाबतीत तो दडून राहतो. 32 बिटांच्या यंत्रांवर इंट व पॉइंटर समान लांबीचे असल्याने काहीच बिघडत नसे. प्रचलित 64 बिटांच्या यंत्रांवर पॉइंटर 64 बिटांचा आणि इंट 32 बिटांचाच; त्यामुळे पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो. पत्ता लहान असेल तर कार्यक्रम सुरळीत चालतो, मोठा असेल तर कोसळतो आणि पायथॉनची नेहमीची त्रुटीसूचनाही मिळत नाही.

विशेष म्हणजे, अघोषित फंक्शन इंट परत करते हे गृहीतक मुळात जुन्या सीचे. सीच्या 1999 च्या प्रमाणकाने ते रद्द केले. जीसीसी 14 (2024) ने तर अशी चूक थेट त्रुटी ठरविली. सीने टाकलेली सवय सीटाइप्सने जपावी, हे असमर्थनीय आहे. दस्तऐवजात हे गृहीतक नमूद आहे, 'रेसटाइप'द्वारे प्रकार सांगण्याची सोयही आहे. पण सोय ही सक्ती नव्हे.

2012 मध्ये आलेल्या 'सीएफएफआय'ने ही सक्ती केली. तेथे सीच्याच भाषेत घोषणा दिल्याविना फंक्शन बोलावता येत नाही. अर्थात लायब्ररी नुसती उघडून वापरण्याच्या पद्धतीत ती घोषणा चुकीची असली, तरी ती पडताळली जात नाही.