काळ्या विणीवरचं पाणी

ओरासिओ पगानी यांच्या मोदेनाजवळच्या कारखान्यात घडलेली, रंगाऐवजी कार्बन तंतूंच्या उघड्या विणीचं अंग ल्यायलेली एखादी ‘वायरा’ गाडी समोर असावी आणि आपण तिच्या बॉनेटशी वाकून उन्हाची तिरीप विणीवरून कशी सरकते ते सावकाश पाहावं. मध्यरेषेवर डावीउजवीकडच्या तिरप्या रेघा टोकाला टोक भिडवून थांबल्या आहेत. प्रत्येक धाग्यात हजारो तंतू, आणि एकेक तंतू अवघा पाच ते सात मायक्रॉनांचा. आपण दोन पावलं सरकलो, की मघाशी उजळलेले उभे धागे काळवंडतात आणि आडवे झळकून उठतात. या काळेपणाला मोत्यासारखं पाणी चढतं ते वरच्या क्लिअर कोटमुळे, केसाच्या जाडीच्या आसपासच्या त्या नितळ थरामुळे. स्वीडनच्या कोएनिगसेग कंपनीनं वरचं रेझिन हातानं घासून तंतू अगदी उघडे ठेवण्याची रीतही आणली. तिचं धाडस मोहवतं, पण माझं मन क्लिअर कोटच्या या ओल्या, खोल झळाळीतच रमतं.

या थराचं सोसणं पाहिलं की त्याच्याविषयी माया वाटू लागते. तंतू बांधून ठेवणारं इपॉक्सी रेझिन अतिनील किरणांनी पिवळं पडतं; म्हणून क्लिअर कोटमधली द्रव्यं ते किरण स्वतः शोषतात आणि वर्षानुवर्षं झिजत राहतात. शिवाय काळं अंग उन्हात चटकन तापतं. तंतू जवळजवळ प्रसरणच पावत नाहीत, वरचा थर मात्र पावतो, आणि त्या ओढाताणीत एक दिवस धुरकट झाक किंवा बारीक तडा उमटतो. पक्ष्यांची विष्ठा वेळीच भिजवून उचलावी, गाडी सावलीत ठेवावी, पारदर्शक फिल्म चढवावी. सिरॅमिक कोटिंगनं धुणं सोपं होतं, पण दगडाचा टोला फिल्मच झेलते.

आणि झाक धरलीच तर? कारागीर मंदावलेल्या जागेवर थोडं पाणी शिंपडतो, तेव्हा जवळ जाऊन पाहावं. पाणी वरच्या सूक्ष्म ओरखड्यांत भरतं, विखुरणारा प्रकाश सरळ आत शिरतो आणि हरवलेली वीण क्षणभर लख्ख होते. दोष वरवरचा आहे, हे त्या क्षणी कळतं. पाण्यानंही पिवळेपणा हटला नाही, तर दोषाचा मुक्काम खोल आहे.

मग दोन हजार, तीन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घोटणं सुरू होतं. लोखंडी पत्र्यावरच्या थराची जाडी मोजायचं चुंबकीय यंत्र इथे निरुपयोगी. अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं, आणि त्याहून अधिक लागते ती घोटताना निघणाऱ्या ओघळावरची नजर. ओघळ दुधाळ आहे तोवर क्लिअर कोटच निघतो आहे. त्यात काळी छटा आली की तंतू कापले जात आहेत, आणि कापलेली वीण कुठल्याही पॉलिशनं परत येत नाही. कारागिरी दिसते ती इथे, हात आवरण्यात. त्यानंतर कंपाउंड, मऊ फोमचं पॅड, आणि झळाळी हळूहळू वर येते.

थर सोलूनच निघाला असेल तर उरलेला काठ घोटून सपाट करतात आणि बंदिस्त बूथमध्ये, ताज्या हवेचा मास्क लावून, हार्डनर मिसळलेला नवा कोट फवारतात. त्याचे वाफारे फुप्फुसांना घातक असतात. घोटलेली करडी जागा फवाऱ्याखाली ओली होत जाते, तसतशी वीण एकेक धाग्यानं उघडते, आणि या वेळी ती वाळल्यावरही तशीच राहते. फिल्म मात्र लगेच चढवू नये. कोटातलं द्रावक पुरतं उडून जायला काही आठवडे द्यावेत.