पत्ता कोणाचा धरायचा?

'जेंट्रीफिकेशन' हा शब्द रूथ ग्लास यांनी 1964 साली लंडनबद्दल वापरला. कामगारांच्या वस्तीत मध्यमवर्ग शिरतो, घरांचे भाव चढतात आणि मूळचे रहिवासी बाहेर पडतात, असा त्याचा आशय. मराठीत त्याला 'उच्चभ्रूकरण' म्हणतात. पुढे मॅन्युएल कॅस्टेल्स यांनी 1983 च्या ग्रंथात सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅस्ट्रो वस्तीचा अभ्यास मांडला. तिथे समलिंगी पुरुषांनी जुनी घरे घेऊन, डागडुजी करून आपली वस्ती उभी केली होती. ही मांडणी मोलाची आहे, पण जशीच्या तशी उचलून कामाठीपुऱ्याला लावली तर तोकडी पडते.

कामाठीपुऱ्यात म्हाडाने सुमारे 34 एकरांचा समूह पुनर्विकास हाती घेतला आहे. आपल्याकडे अशा कामात भाव चढण्याआधी यादी येते: मालक, भाडेकरू, पात्र, अपात्र. गुरूच्या आसऱ्याने राहणारा चेला किंवा खाटेपुरते भाडे भरणारी बाई कोणती पावती दाखवणार? ('गोलपिठा' 1972 चा. त्याच्या भाषेवर आपण अर्धशतक लिहीत आलो, पण त्या गल्ल्यांतल्या खोल्या कोणाच्या नावावर होत्या, हे विचारणारी समीक्षा माझ्या वाचनात आलेली नाही.)

कायद्याकडे पाहावे, तर तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्यात कुटुंब म्हणजे रक्ताचे, विवाहाचे किंवा रीतसर दत्तकाचे नाते. राहण्याचा हक्क मिळतो तो अशा कुटुंबाच्या घरात. घरच्यांना सांभाळणे जमत नसेल, तर न्यायालयामार्फत पुनर्वसन केंद्र. ज्या घराने हाकलले त्याच घराचा हक्क द्यायचा आणि ज्या गुरूने ठेवून घेतले त्याचे घर मात्र मोजायचेच नाही, हा या कायद्याचा मूळ दोष आहे. पुनर्विकासाच्या यादीत तोच दोष पुन्हा उमटण्याची भीती आहे.

याचे दुसरे टोक आमच्या कोळगावात आहे. मुंबईत जागा सुटली की गरीब माणूस पश्चिम रेल्वेच्या कडेने नालासोपारा, विरारकडे सरकतो. म्हणजे पालघर जिल्ह्यात येतो. तृतीयपंथी ओळखीचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहे आणि त्यांचे कार्यालय कोळगावच्या नव्या मुख्यालयात. 2014 साली जिल्हा झाला, 2021 साली ही इमारत वापरात आली. ती सिडकोने बांधली, शासनाने दिलेल्या जमिनीच्या मोबदल्यात. दुग्धविकास खात्याची ही सुमारे 440 हेक्टर जमीन. काही भागावर कार्यालये, उरलेल्या भागावर विकण्यासाठी नवे शहर. ओळख देणारे कार्यालयच असे जमिनीच्या भावावर उभे आहे, याची नोंद उच्चभ्रूकरणाच्या अभ्यासकांनी जरूर घ्यावी.

प्रमाणपत्रासाठी 2020 च्या नियमांनुसार अर्जदार त्या जिल्ह्यात सलग 12 महिने राहत असावा लागतो. आपल्याकडे खोलीचा करार बहुधा 11 महिन्यांचा होतो.