हात हलला की खेळ हलका होतो का?

मंडळी, व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत दोन जाती पाडल्या जातात. 'कॅज्युअल', म्हणजे वेळ जावा म्हणून खेळणारे, आणि 'हार्डकोर', म्हणजे तहानभूक विसरून खेळणारे. चंद्रपुरात एखाद्या पानठेल्यावरच्या पोरांना विचारा. लुडो किंगवाला गेमर नाही, बीजीएमआयवाला गेमर, असंच उत्तर मिळेल. ही वाटणी कशावर उभी आहे, ते आज आपण तपासू.

२००६च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डोने 'वी' हे यंत्र आणलं. रिमोटसारखी कांडी हातात धरायची आणि रॅकेटसारखी फिरवायची. बटणांचा गुंता नाही. आजी-आजोबाही खेळू लागले. पुढे दहा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. मुरलेल्या खेळाडूंनी मात्र नाक मुरडलं. हात हलवणं हा काय खेळ झाला?

त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. 'वी स्पोर्ट्स'च्या टेनिसमध्ये पडद्यावरचा खेळाडू आपोआप धावायचा, आणि सोफ्यावर बसून मनगटाला झटका दिला तरी फटका बसायचा. अख्खं शरीर खेळात आणल्याचा गाजावाजा झाला, आलं ते मनगट. २०१० साली मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टने कांडीही काढून घेतली. कॅमेराच अंग बघणार! पण त्यासाठी समोर सहाएक फूट मोकळी जागा हवी. लहान घरात ती आणायची कुठून? २०१७ला त्याचं उत्पादन थांबलं.

यावरून निष्कर्ष निघाला की हालचालीवर चालणारा खेळ हलकाच. आता बीजीएमआय बघा. त्यात जायरोस्कोप चालू करून, फोन तिरपा करत नेम धरता येतो. गोळ्या सुटताना बंदूक वर उचलली जाते, ती फोन किंचित झुकवून आवरायची. हे हातात बसायला भरपूर सराव लागतो. म्हणजे जी 'कॅज्युअल'ची खूण होती, तीच इथे 'हार्डकोर'ची झाली. दोन्हीकडे हालचालच आहे. फरक पडतो तो खेळ तिच्यात किती बारकावा मागतो आणि चुकीची किती किंमत लावतो, यामुळे.

गडचिरोलीच्या माडिया गावांत रेला नाचतात. नवखाही साखळीत शिरतो, पावलं बघत बघत शिकतो. म्हणून कसलेल्या नाचणाऱ्याचं कसब कमी होत नाही. दार मोठं असलं म्हणून घर लहान ठरत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कित्येक स्वस्त फोनांत जायरोस्कोप नसतोच. भामरागड-एटापल्लीकडच्या पोराच्या हाती असा फोन असेल आणि वर रेंजही मध्येच जात असेल, तर जिद्द असूनही तो मागे पडणार. त्याला 'कॅज्युअल' म्हणणं म्हणजे फोनची उणीव माणसाच्या माथी मारणं.

हा शब्दांचा कीस नाही, बरं का. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्टला मान्यता दिली. स्पर्धा वाढतील, निवडी होतील. निवडणाऱ्यांनी आधी सगळ्यांच्या हाती सारखा फोन द्यावा. कबड्डीत दोन्ही संघांना मैदान एकच असतं. तेवढं झालं की कोण मुरलेला आणि कोण नवखा, हे खेळच सांगेल.