गुर्टू, त्रिलोक

गुर्टू, त्रिलोक : (३० ऑक्टोबर १९५१– ). जॅझ संगीतातील विख्यात भारतीय तालवादक व संगीतरचनाकार. जन्म मुंबई येथे. त्यांच्या मातोश्री शोभा गुर्टू (१९२५–२००४) या मूळच्या बेळगावच्या व ठुमरी-दादरा गायनाबद्दल ख्यातनाम. त्रिलोक यांनी तबल्याचे शिक्षण शाह अब्दुल करीम यांच्याकडे घेतले. पुढे यूरोपात अमेरिकन ट्रंपेटवादक डॉन चेरी यांचा सहवास त्यांना लाभला. कॉलिन वॉलकॉट यांच्या अपघाती निधनानंतर (१९८४) ‘ऑरेगन’ या वाद्यवृंदात त्यांनी प्रवेश केला. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीतही त्यांनी वादन केले.

जॅझचा लयविचार मूलतः आफ्रिकी असून त्यावर कॅरिबियन बेटांतील संगीताचेही संस्कार झालेले आहेत. १९४७ मध्ये डिझी गिलेस्पी यांनी क्यूबन तालवादक चानो पोझो यांना आपल्या वृंदात घेतले, तेव्हा हे नाते नव्याने दृढ झाले. पश्चिम आफ्रिकेतील सामूहिक वादनात घंटेवरील एक आकृतिबंध अखंड चालू राहतो व त्याच्या आधाराने निरनिराळे ढोल भिन्न भिन्न लयबंध वाजवितात. क्यूबात हेच कार्य ‘क्लावे’ हा पाच आघातांचा बंध करतो. वारकरी भजनात टाळ स्थिर राहून पखवाज विस्तार करतो, त्याच्याशी याचे काहीसे साम्य आहे. तथापि भजनात सर्वांची सम एकच असते, तर आफ्रिकी वादनात प्रत्येक ढोलाचा आरंभबिंदू वेगळा असू शकतो. समेवर येणे हे ज्या परंपरेचे उद्दिष्ट, तिच्यात वाढलेल्या वादकाने हे संगीत कसे आत्मसात करावे, हा गुर्टूंच्या कलेपुढील मूलभूत प्रश्न होय.

त्याचे उत्तर त्यांना बव्हंशी घरच्या ठुमरीतच सापडले असावे. ठुमरीच्या अखेरीस गायिका मुखडा आळवीत असता तबल्यावर लग्गी रंगते. केरवा वा दादरा यांची मोजणी न मोडता आघातांचे वजन मागेपुढे सरकविण्याची ही रीत जॅझच्या डौलदार लयीला जवळची आहे. जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून तबला व पाश्चात्त्य ड्रम एकाच मांडणीत वाजविणे, तसेच झांजा व शिंपल्यांच्या माळा पाण्याच्या बादलीत बुडवून नाद बदलणे, ही त्यांची वैशिष्ट्ये केवळ नावीन्यासाठी नाहीत. हात व बोल यांचा तबल्यातील निकट संबंध त्यामुळे ड्रमवादनातही टिकून राहतो.

उस्फ्रेत (१९८८) या ध्वनिमुद्रिकेत शोभा गुर्टूंचा स्वर व चेरी यांचे वादन एकत्र आले आहे. लिव्हिंग मॅजिक (१९९१) मध्ये ब्राझीलचे नाना व्हास्कॉन्सेलोस सहभागी आहेत. आफ्रिकन फँटसी (२०००) मध्ये बेनीनच्या गायिका अँजेलिक किजो यांचा सहभाग असून फाराकाला (२००६) ही माली येथील कलावंतांसमवेत सिद्ध झाली.

या सर्व निर्मितीचे मोल सारखे नाही. जेथे बोल, तिहाई व दमसास यांचे प्रदर्शन प्रधान होते, तेथे इतर वाद्ये केवळ लेहरा धरणाऱ्या सारंगीसारखी मागे राहतात. तिहाई श्रोत्यांना समेवर आणून टाळ्या मिळविते. पण ज्या संगीतात कोणताही एक आघात अंतिम नसतो, त्यातील अनेकत्व ती झाकून टाकते. आफ्रिकन फँटसीसारख्या गीतप्रधान निर्मितीत गीताची आटोपशीर चौकट लयीच्या विस्ताराला मर्यादा घालते. याउलट उस्फ्रेतमध्ये ठुमरीचा स्वर तालाची घाई थोपवून धरतो आणि प्रत्येक वाद्याला आपली जागा मिळते. दोन परंपरांचे मीलन केवळ वाद्ये एकत्र आणल्याने होत नाही. परक्या लयीला आपली सम सोडून देण्याची तयारी त्यासाठी लागते. गुर्टूंच्या वादनाचे श्रेष्ठत्व त्यांच्या थक्क करणाऱ्या तयारीपेक्षा, ही तयारी बाजूला ठेवून त्यांनी केलेल्या संगतीत अधिक प्रत्ययास येते.