‘झाडाझडती’ : धाराशिवाहून वाचताना

श्री. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली व तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांची कैफियत म्हणून तिची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. परंतु ती धाराशिवासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात बसून वाचावी, म्हणजे ती निराळीच बोचते. इकडे धरण म्हणजे वरदान. जिल्ह्याच्या ठिकाणी पिण्याचे पाणी येते ते दूरच्या भीमेवरील उजनी जलाशयातून. त्या जलाशयाने पळसदेवासारखी जुनी गावे गिळली. पाणी फार ओसरले म्हणजे तेथील प्राचीन देऊळ अद्यापि वर येते. नळ सोडताना हे कोणास आठवते?

कादंबरीतील जांभळी गाव अशाच गावांचे प्रतिनिधी होय. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, हे भूषणावह खरे. पण कायद्यातील ‘पर्यायी जमीन’ नांगराखाली येईपर्यंत किती उंबरठे झिजवावे लागतात, हे ग्रंथकारास महसूल खात्यातील नोकरीमुळे आतून ठाऊक आहे. शेताचा मोबदला मिळतो. गायरानात गुरे चारण्याच्या आणि रानातून सरपण आणण्याच्या पिढीजात वहिवाटीस मात्र तक्त्यात रकाना नसतो.

आम्हांस सर्वांत मोलाचे वाटले ते हे की, ग्रंथकाराने गरिबास देव्हाऱ्यात बसविले नाही. विस्थापितांतही हेवेदावे आहेत. हक्क हे काही सद्गुणाचे बक्षीस नव्हे. भांडखोराचेही शेत त्याचेच असते.

दोष आहेतच. संकटांची रास इतकी वाढते की उत्तरार्धात वाचकाचे मन बधिर होते. पण आमची मुख्य तक्रार निराळी आहे. १९२१ साली मुळशीस सत्याग्रह झाला तेव्हा मावळ्यांची भातखाचरे बुडवून वीज मुंबईस जावयाची होती. अन्याय कोणाचा, हे उघड दिसत होते. येथेही लाभक्षेत्रातील सधन बागाईतदार ग्रंथकाराने नीट रंगविला आहे. परंतु ज्याची विहीर माघातच आटते तो कोरडवाहू शेतकरी, किंवा हंडा घेऊन रांगेत उभी असलेली बाई, या पुस्तकात फारशी भेटत नाही. तिलाही तेच पाणी हवे आहे, आणि ती कोणाची शोषक नाही. तिची व जांभळीच्या खैरमोडे गुरुजींची गाठ घालण्याचे धाडस ग्रंथकाराने करावयास हवे होते.