गावठाणातील सहकार्य : शासन आणि समूह

ग्रामीण घरजागेच्या व्यवस्थापनाविषयीच्या लेखनात सहकार्य हा बहुधा शेतकऱ्याच्या वृत्तीचा भाग मानला जातो. ही मांडणी अपुरी वाटते. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते. पण तत्पूर्वी घरांच्या सीमा चुन्याने आखाव्या लागतात. ही रेघ शासनाला एकट्याने आखता येत नाही. सामाईक भिंत, बोळ, ओटा कोणाचा, हे शेजाऱ्यांनीच मान्य करावयाचे असते. महाराष्ट्रात आजवर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर निभावत असे. वस्तुतः तो करआकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. आणि या संदिग्धतेनेच कित्येक घरांत शांतता टिकली होती. मिळकत पत्रिका हाती येणार म्हटल्यावर तीच संदिग्धता वादाचे कारण ठरते. ड्रोनला छप्पर दिसते, हिस्से दिसत नाहीत. मुंबईला गेलेला भाऊ किंवा सासरी गेलेली बहीण चुना टाकताना तेथे असेलच असे नाही. गावाची संमती ही पुष्कळदा उपस्थितांचीच संमती असते. मग हरकत घेणाऱ्यास असहकारी ठरविणे न्याय्य कसे? त्याची हरकत चौकशीत नोंदविली गेली काय, हे अभ्यासकाने आधी पाहावे.